टोकांची बाटली

मंगळूर, १४ ऑगस्ट २०२३

डॉ. जलजाक्षी राय यांस,

आपलं पत्र मिळालं. सदतीस वर्षांनी दोन पानं आली, त्यातलं दीड पान हवामानाचं. विलायतेतल्या डंडी गावात ऑगस्टमध्येही स्वेटर लागतो हे कळलं. इथे लागत नाही.

उरलेल्या अर्ध्या पानात काम आहे. डिसेंबरच्या दोन तारखेला आपल्या डेंटल कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवात आपलं मोठं व्याख्यान आहे, आणि त्यासाठी शहाऐंशी सालच्या त्या बावीस अक्कलदाढांच्या स्लाइड्स आपणास हव्यात. मी निवृत्त होताना ती पेटी घरी नेली असं आपणास 'कोणीतरी' सांगितलं. हे कोणीतरी म्हणजे डॉ. इम्तियाज बावा, आताचा विभागप्रमुख. पोट वाढलंय, पण पोटात अजून काही राहत नाही.

होय, पेटी माझ्याकडे आहे. मी चोरलेली नाही. कॉलेजवाले जुन्या लाकडी पेट्या कचऱ्याच्या गाडीत भरत होते, तेव्हा मी ती गाडीसमोर उभी राहून उतरवली.

हे आपण-आपण मला जमत नाही, जलजाक्षी. जिच्या वेण्या मी पाच वर्षं बाकाच्या पाठीला बांधल्या तिला काय आपण म्हणायचं?

तर ऐक. सभागृहात तू सांगशील, 'ही कल्पना मला सुचली.' इम्तियाजने मला तुझ्या मुलाखतीचा कागद दाखवला. त्यात लिहिलंय, 'त्या काळी नस उघडी पडली, दात ठणकायला लागला, की सगळी नस काढून टाकायची पद्धत होती. मला तरुणपणीच वाटलं होतं की नस पूर्ण मेलेली नसते.' तुला वाटलं होतं? कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर आपण बसलो होतो. तुझ्या डब्यातली कोंबडीची कोरी-रोट्टी माझ्या पुढ्यात होती आणि माझी मासळीची आमटी तुझ्या. मी सकाळी एक दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. केस-पेपरवर 'मृत' लिहिलेलं. वरचा भाग सडलेला, आणि खाली मुळामध्ये नस अशी ताजी की जणू कोणी तिला बातमीच दिली नव्हती. मी म्हटलं, "अगं, हा मेलेला नाही. याचं फक्त डोकं गेलंय. वरचं कापून खालचं झाकलं तर?"

तू चावायची थांबलीस. मला अजून आठवतं, तुझ्या हनुवटीला आमटी लागली होती.

पुढच्या सोमवारी तू आपल्या विभागप्रमुखांकडे, कुडवा सरांकडे, गेलीस आणि तो तुझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय झाला. काढायच्याच असलेल्या बावीस अक्कलदाढांची नस तू वरून कापून झाकायचीस, काही आठवड्यांनी दाढ उपटायचीस आणि मी तिची स्लाइड करायची.

मी तक्रार करत नाही. तू डॉक्टर होतीस, मी तंत्रज्ञ. शाळेत पाच वर्षं मी पहिली आणि तू दुसरी, हे सिस्टर बेनेडिक्टांच्या वहीत असेल, ती वही वाळवीने खाल्ली. मी दोन वर्षं कॉन्व्हेंटमध्ये नन व्हायला गेले, ती दोन वर्षं तू दातांना दिलीस. मी परत आले तेव्हा देवाने मला काही दिलं नव्हतं आणि दातांनी तुला सगळं दिलं होतं. चालायचंच.

पण स्लाइड कशी करतात ते तुझ्या सभागृहातल्या एकालाही माहीत नसेल. दात आला की आधी मुळाचं टोक चकतीने कापायचं, मग फॉर्मालिनमध्ये टाकायचा. टोक कापलं नाही तर औषध आत जातच नाही. बाहेरून दात छान दिसतो, आत नस दोन दिवसांत आपोआप विरघळते. मग आम्लात तीन आठवडे, मग मेण, मग केसाहून पातळ काप. कुडवा सरांचा नियम होता की कापलेलं टोक फेकायचं नाही. नंबराच्या चिठ्ठीसह गॉजमध्ये बांधून बाटलीत ठेवायचं, आणि शेवटी दात आणि टोकं जुळवायची. तीस वर्षं मी अशा बाटल्या सांभाळल्या. म्हणूनच आता कॉलेज स्लाइडच्या खोलीला माझं नाव देणार आहे. दारावर पितळी पाटी आणि मला शाल. पाटीवर लिहिणार आहेत, 'जिच्या हातून एकही स्लाइड वाया गेली नाही.'

तुला सभागृह, मला दार. हिशेब बरोबर आहे.

स्लाइड्सचं बघते. घाई करू नकोस.

सेवरिन रास्किन्हा


मंगळूर, ८ सप्टेंबर, मोंती फेस्त

जलजाक्षी,

आज नव्या भाताचा सण, सकाळी चर्चमधून त्याची लोंबी आणली. घरात मी एकटी, तरी पाच भाज्या केल्या, कारण आईचा नियम. लोंबीचे दाणे सोलून दुधात घातले आणि नेहमीप्रमाणे परदेशातल्या भाचरांसाठी पाकिटांत दोन-दोन दाणे भरले. आई तुझ्यासाठीही वाटा काढायची, आठवतं? ती राय लोकांची पोरगी, तिचा देव वेगळा, असं मी म्हणायचे. आई म्हणायची, "दाण्याला काय ठाऊक कोणाचा देव कुठला? आणि ती पोर तुझ्यासारखी तोंडाळ नाही." आईला तू जास्त आवडायचीस. हे तुला माहीत होतं, आणि तू कधी नाकारलं नाहीस.

शहाऐंशीनंतर मी तुझा वाटा बंद केला. आईने दोनदा विचारलं. मी सांगितलं, जलजाक्षीचा पत्ता नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. दोन आठवड्यांपूर्वी माझी खालची दाढ ठणकायला लागली. थंड पाणी घेतलं की डोळ्यांतून धार. गेले इम्तियाजकडे. त्याने फोटो काढला, दिव्यात वाकून पाहिलं आणि खुशीत म्हणाला, "सेवरिनबाय, तुमचं नशीब चांगलं. नस जिवंत आहे. वरचा आजारी भाग काढतो, बाकीची झाकतो. जलजाक्षी मॅडमची पद्धत."

"कोणाची?"

"राय मॅडमची. आता सगळीकडे तीच."

"माझ्या तोंडात त्या बाईचं काही नको. सगळी नस काढ."

"बाय, जिवंत नस कशाला काढू?"

"मी सांगते म्हणून. दात माझा आहे."

तो स्टुलावर मागे सरकला. "दात तुमचा, हात माझा," म्हणाला. "मी जे चूक समजतो ते माझ्या हाताने नाही करणार. समोरच्या इमारतीत दुसरा डॉक्टर आहे, तो काढेल. पण तुम्हीच मला विद्यार्थी असताना ओरडला होता, दात म्हणजे लाकूड समजतोस का, म्हणून."

तात्पुरतं औषध भरून त्याने मला घरी पाठवलं. आठ दिवस विचार करा म्हणाला. आठ दिवस मी डाव्या बाजूने जेवले आणि तुला शिव्या दिल्या. एका भाताच्या घासापुरतीही तू मला मोकळी सोडत नाहीस.

काल जाऊन बसले खुर्चीत. डोळे मिटले आणि म्हटलं, कर काय करायचं ते. वीस मिनिटं लागली. दुखत नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. सहा महिन्यांशिवाय अशा गोष्टींचं काही खरं नसतं.

स्लाइड्स शोधतेय.

सेवरिन


मंगळूर, २७ सप्टेंबर

जलजाक्षी,

तुझं दुसरं पत्र. यात हवामान नाही, त्याबद्दल आभार.

तू लिहितेस की तुला बावीसही नकोत, फक्त नऊ हव्यात. मेलेल्या नऊ. व्याख्यानाची सुरुवात तू त्यांच्यापासून करणार आहेस. मुलांना सांगणार आहेस की 'माझ्या निष्काळजी हातांनी हे नऊ दात मारले, कल्पना बरोबर होती, हात घाण होता.' आणि पुढे लिहितेस की त्यानंतर अठरा वर्षं तू एकाही रुग्णाच्या दाताला हात लावला नाहीस. नुसतं शिकवलंस. दोन हजार चार साली पुन्हा सुरुवात केलीस तेव्हा दरवेळी दोनदा हातमोजे बदलायचीस, आणि अजून बदलतेस.

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं तू तिकडे मजेत आहेस. परदेशी कॉलेज, नावापुढे प्राध्यापक, बर्फात काढलेला फोटो. कॉलेजच्या मासिकात तो फोटो छापून आला तेव्हा मी तो अंक दोन दिवस उलटा ठेवला होता.

इतकं लावून घ्यायचं कारण नाही. शहाऐंशीचा तो जून आठव. वीज सारखी जायची. फॉर्मालिनचा डबा जुना होता, मी सरांना दोनदा सांगितलं होतं. आम्लाचं प्रमाण बघायला धड काटा नव्हता. नऊ दात गेले त्याला शंभर कारणं असतील. तू अशी रडगाणी घेऊन सभागृहात उभी राहिलीस तर लोक टाळ्या वाजवतील, किती नम्र बाई म्हणतील. तुला शाळेतही दरवर्षी सद्वर्तनाचं बक्षीस मिळायचं. चूक कबूल करण्यातही तुझाच पहिला नंबर का?

त्या नऊ स्लाइड्स दाखवू नकोस. तेरा चांगल्या आहेत, त्या दाखव. तेरांमध्ये नस जिवंत आहे, तिने आपल्या डोक्यावर स्वतः कठीण भिंत बांधली आहे, गुलाबी-जांभळ्या रंगात ती इतकी सुंदर दिसते की कुडवा सर मोतीबिंदूच्या डोळ्यांनीही म्हणाले होते, अरे वा. त्या तेरा मी उद्याच कुरियरने पाठवते.

सेवरिन

ता. क. हात धुवायची ती सवय अजून आहे का?


मंगळूर, ३० ऑक्टोबर

जलजाक्षी,

तेरा स्लाइड्स पाठवल्या नाहीत. कारण सांगते.

शनिवारी इम्तियाज घरी आला. दाढ बघायला आलो म्हणाला, पण आला होता पेटीसाठी, तुझा फोन गेला असणार. मी चहा केला. माझा जुना सूक्ष्मदर्शक खिडकीत असतो, त्याने विचारलं, "एक बघू?" नाही म्हणायला हवं होतं. पण त्याने आधी तेरांतली एक लावली आणि म्हणाला, "बाय, असा काप आज माझ्या खोलीत एकालाही जमत नाही. यंत्रं नवीन, हात नाहीत." मी मूर्ख, मी फुशारले. चार काढल्या, सहा काढल्या. मग त्याचा हात नऊंच्या कप्प्याकडे गेला.

पहिली बघितली. दुसरी बघितली. तिसरीला चहा निवत ठेवला आणि उरलेल्याही सगळ्या बघितल्या.

"गंमत आहे," म्हणाला. "घाण हातामुळे नस मरते तेव्हा आत मारामारी दिसते. पांढऱ्या पेशींची गर्दी, पू, जंतू. इथे तर काहीच नाही. घरातली माणसं भांडण न करता निघून गेल्यासारखी."

मी म्हटलं, "बिस्किट घे."

"आणि सगळ्यांत टोकापाशी थोडी नस चांगली उरली आहे, मधली विरघळलीय. बाय, ही तोंडात मेलेली नाही. ही बरणीत मेली. फॉर्मालिन आत गेलंच नाही. कोणीतरी टोक कापायला विसरलं असणार. नऊच्या नऊ. त्या वेळी स्लाइडच्या खोलीत कोण—"

त्याने घाईने बिस्किट उचललं, चहात बुडवलं, ते अर्धं चहातच पडलं. मग उठून माझे दोन्ही हात हातात घेतले. माझे, ज्याला मी एकदा स्लाइडच्या खोलीबाहेर काढलं होतं त्या मुलाने. म्हणाला, "सेवरिनबाय, मी काही पाहिलं नाही. जुनी गोष्ट आहे. पाटी कोरून आलीय. माणूस थकतो, राहून जातं."

राहून जातं म्हणे. त्याने मला माफ केलं, जलजाक्षी, मी मागितलेलं नसताना. माझ्या हातून काही राहून जातं असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. मला ढिसाळ म्हणून माफ केलं जाण्यापेक्षा मी जी आहे ती म्हणून तू मला धिक्कारावंस हे बरं.

म्हणून लिहिते. वीज जात होती हे खरं आहे. फॉर्मालिनचा डबा जुना होता हेही खरं. दोन्हींचा संबंध नाही.

नऊ जून. तू मैसूरपाकाचा डबा घेऊन माझ्या खोलीत आलीस. सरांनी परदेशासाठी तुझं नाव पाठवलं होतं. आणि निबंध छापला जाणार होता. मी विचारलं, कोणाच्या नावाने? तू म्हणालीस, "सर आणि मी." मी विचारलं, "आणि मी?" तू तुकडा माझ्या तोंडाशी धरून हसलीस. "तू शेवटी आभारात येशील ना, सेवरिन."

आभारात. बर्फवाला, शिपाई, आणि मी.

तू गेलीस. माझ्या हातात तुझा चौदा नंबरचा दात होता आणि दुसऱ्या हातात चालू चकती. मी चकती बंद केली. दात तसाच बरणीत टाकला. तो रागात. पुढचे आठ शांत डोक्याने. एकेक यायचा, मी नंबर घालायची, झाकण लावायची. तुझे हात चांगले होते. मी तुझ्याइतकं स्वच्छ काम नंतर तीस वर्षांत पाहिलं नाही. हे लिहिताना मला त्रास होतोय, पण खरं आहे.

मग स्लाइड्स झाल्या. तू माझ्या खांद्यावरून वाकायचीस आणि मी सांगायची, "मेला." तू स्वतः नीट बघितलं असतंस तर इम्तियाजला दिसलं ते तुलाही दिसलं असतं. तू नाही बघितलंस. सेवरिनने सांगितलं म्हणजे झालं. प्रत्येक वेळी तू कोपऱ्यातल्या नळाकडे गेलीस आणि हात धुतलेस. नऊ वेळा. सातव्या वेळेला साबण संपला होता, मी नवा काढून दिला.

मला वाटलं होतं, तू चिडशील, माझ्यावर संशय घेशील, आपलं एकदा कडाक्याचं भांडण होईल आणि मी सगळं ओकून मोकळी होईन. तू संशय घेतला नाहीस. मद्रासच्या परिषदेत तो म्हातारा प्राध्यापक सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईसाहेब, दात सोडा, सांबाराला फोडणी द्या," तेव्हा तू परत येऊन मला म्हणालीस, "तुझी मेहनत वाया घालवली गं मी." आणि गेलीस डंडीला. मग माझ्यापाशी सांगायला माणूसच उरलं नाही.

सॉरी लिहिणार नाही. तो शब्द सिस्टर बेनेडिक्टांनी इतक्या वेळा लिहवून घेतला की त्यात काही उरलेलं नाही. आणि एक गोष्ट माझ्या अजून ना घशाखाली उतरते, ना वर येते. कल्पना माझी होती. हे तू सदतीस वर्षांत एकदाही, एकाही कागदावर म्हटलेलं नाहीस. मी तुझे नऊ दात मारले, तू माझा एक.

सेवरिन


मंगळूर, १० नोव्हेंबर

जलजाक्षी,

तुझं उत्तर आलेलं नाही. पत्राला दहा दिवस लागतात, हे मला माहीत आहे. तरी पोस्टमन बेंदूरच्या वळणावर दिसला की मी फाटकात असते.

सोबत पेटी. बावीसही आहेत, कापसात गुंडाळून. नऊ वेगळ्या कप्प्यात, लाल दोरा बांधलेल्या. आणि शहाऐंशीची ती टोकांची बाटली. तुझ्या वाचण्यापेक्षा तुझ्या मोजण्यावर माझा जास्त विश्वास आहे म्हणून पाठवतेय. सगळ्या पुरचुंड्या काढ, चिठ्ठ्यांवर माझं अक्षर आहे. एक ते तेरा आहेत. चौदापासून पुढे नाहीत. त्या वर्षी दात आणि टोकं कोणी जुळवली नाहीत, कारण जुळवायचं काम माझंच होतं.

व्याख्यानाची सुरुवात नऊंपासूनच कर. पण हात तुझे म्हणू नकोस. मुलांना स्लाइड दाखवून विचार, यात मारामारी का दिसत नाही. एखादं हुशार पोर सांगेलच. मग माझं नाव घे, पूर्ण नाव, रास्किन्हासकट. आणि लगेच दुसऱ्यांदा घे, कॅन्टीनच्या पायरीसाठी. एकदाच घेणार असशील तर घेऊच नकोस. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, उजवीकडे, मोजत.

पाटीचं इम्तियाजला सांगितलंय की कापडात गुंडाळून ठेव, राय मॅडम बोलल्यावर ठरेल. तो म्हणाला, "बाय, स्क्रू मारून झालेत." मी म्हटलं, स्क्रू निघतात.

दाढ अजून दुखत नाही. तुझी पद्धत बरी आहे. माझी कल्पना होती, बरी असणारच.

दोनदा हातमोजे बदलणं सोड. एकदाच पुरे.

आणि बाटलीत एक चौदावी पुरचुंडी दिसेल, पांढऱ्या दोऱ्याची. तिच्यात टोक शोधू नकोस. यंदाच्या नव्या भाताचे दोन दाणे आहेत. गैरसमज नको, आईच्या नावाचे आहेत. कोरडे ठेव, नाहीतर त्यांना कोंब येतील.

सेवरिन